नॅस बदलू नका, आधी टीव्हीपर्यंतची वाट तपासा

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या मनीषनगरात दुमजली घर. वरच्या अभ्यासाच्या खोलीत दोन डिस्कचा चार-पाच वर्षे जुना नॅस (घरातल्या नेटवर्कवरून सगळ्या उपकरणांना फायली पुरवणारी डिस्कची पेटी), खाली हॉलमध्ये ५५ इंची स्मार्ट टीव्ही. नॅसवर लग्नाच्या जुन्या डीव्हीडी, हँडीकॅमचे चित्रण, मोबाइलचे ४के व्हिडिओ आणि ब्ल्यू-रे डिस्कवरून घेतलेले काही चित्रपट. टीव्हीला नॅस कधी दिसतो, कधी दिसत नाही. ४के व्हिडिओ अटकतात. काही चित्रपटांचे चित्र येते पण आवाज नाही. मराठी सबटायटलच्या जागी चौकोन उमटतात. दुकानदाराचे म्हणणे, नॅस जुना झाला, नवीन घ्या. घ्यावा का?

उत्तर: नका घेऊ. तुमच्या चारही तक्रारींत नॅसचा दोष जवळजवळ नाही.

साधा हिशेब करून बघा. ४के ब्ल्यू-रे डिस्कची जास्तीत जास्त गती सेकंदाला १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाइट. साधी फिरणारी हार्ड डिस्कसुद्धा सलग वाचताना सेकंदाला १०० मेगाबाइट सहज देते. म्हणजे सर्वांत जड चित्रपट लावला तरी नॅस निवांत बसून असतो. त्याचा घाम निघतो तो एकाच कामात: टीव्हीला फाइल समजत नाही म्हणून ती चालता चालता दुसऱ्या रूपात बदलून द्यायची, ज्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. ४के एचईव्हीसी (चित्र दाबून साठवायची एक पद्धत) व्हिडिओचे असे रूपांतर करायला स्वस्तातल्या नॅसचा प्रोसेसर खरेच कमी पडतो. म्हणून दुकानदार मोठा प्रोसेसर विकतो. पण मुळात रूपांतराची वेळच आली नाही तर? घरातल्या घरात सगळा प्रयत्न तोच असावा: फाइल जशी आहे तशी, एक बिटही न बदलता टीव्हीच्या दाराशी पोचावी आणि तिथे ती उघडता येणारा प्लेअर हजर असावा.

पहिल्या तक्रारीपासून सुरू करतो, कारण माझ्या मते तुमच्याकडची खरी भानगड तिथेच आहे.

«कधी दिसतो, कधी दिसत नाही» हे वाचल्याबरोबर मला दोन राउटर दिसले. नागपुरात हल्ली घरोघरी हेच चित्र असते. फायबरवाला एक पांढरा डबा लावून जातो, त्यातच वायफाय असते. वरच्या मजल्यावर रेंज येत नाही म्हणून आपण बर्डीच्या बाजारातून दुसरा राउटर आणतो आणि खालच्या डब्यातून निघालेली केबल त्याच्या निळ्या, म्हणजे वॅन पोर्टमध्ये खोचतो. इंटरनेट सुरू होते, सगळे खूश. प्रत्यक्षात घरात दोन वेगळी नेटवर्क तयार झालेली असतात. नॅस वरच्या राउटरला जोडलेला, टीव्ही खालच्या डब्याच्या वायफायवर. त्यातून दोन्ही वायफायना नाव एकच दिलेले असते, म्हणजे लक्षात ठेवायला सोपे. मग टीव्ही ज्या दिवशी वरचे वायफाय पकडतो त्या दिवशी नॅस दिसतो, खालचे पकडले की गायब.

प्रतापनगरात एका घरी अगदी हेच होते. मुलगा वैतागलेला: «काका, टीव्हीले नॅस दिसतच नाही, काल तर दिसत होता न!» मी त्याला टीव्हीच्या सेटिंगमध्ये नेटवर्क स्थिती उघडायला लावली. पत्ता होता १९२.१६८.१.३७. मग लॅपटॉपवर नॅसचे पान उघडले. पत्ता १९२.१६८.०.१०५. तिसरा आकडा वेगळा. एवढे पाहिले की पुढे काही शोधायचे राहत नाही. नॅस कुठे आहे हे शोधायला टीव्ही २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर, १९०० क्रमांकाच्या पोर्टवर हाक मारतो. ती हाक त्याच नेटवर्कमधल्या सगळ्यांना ऐकू जाते, पण राउटरच्या पलीकडे जात नाही. राउटर तसाच बनवलेला असतो, त्यात बिघाड काही नाही.

उपाय पैसे न लागणारा आहे. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड असतो, तो निवडा. राउटर पुन्हा सुरू झाला की पत्ते वाटायचे काम फक्त खालचा फायबरचा डबा करतो आणि सगळी उपकरणे एका नेटवर्कमध्ये येतात. जुन्या राउटरमध्ये हा मोड नसेल तर तीन गोष्टी हाताने करा: त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ असा खालच्या मालिकेतला द्या, त्यातले डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायची सोय) बंद करा, आणि केबल निळ्या पोर्टमधून काढून पिवळ्या लॅन पोर्टमध्ये लावा. क्रम हाच ठेवा. आधी केबल बदलली तर दोन डीएचसीपी एकमेकांशी भांडतात आणि अख्ख्या घराचे नेट बसते. मालिकेतला तो पत्ता दुसऱ्या कुणाला दिलेला नाही हेही आधी पाहून घ्या. सगळे झाले की फायबरच्या डब्यात नॅससाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवा, म्हणजे वीज गेली-आली तरी तो बदलणार नाही.

पत्त्यांची मालिका सारखीच निघाली आणि तरीही नॅस दिसत नसेल तर दोन जागा पाहा. टीव्ही पाहुण्यांच्या वायफायला जोडलेला असेल तर तो फक्त इंटरनेट बघू शकतो, घरातली उपकरणे नाही. आणि काही राउटरमध्ये एपी आयसोलेशन नावाची, वायफायवरची उपकरणे एकमेकांपासून तोडणारी खूण चालू असते, ती काढा.

आता अटकण्याबद्दल. इथे अंदाज बांधण्यापेक्षा भागाकार करा. फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये घ्या, आठने गुणा, लांबीच्या सेकंदांनी भागा. सहा मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ २,४०० मेगाबाइटचा असेल तर २,४०० गुणिले ८ भागिले ३६०, म्हणजे साधारण ५३ मेगाबिट. आयफोनवर ४के, ६० फ्रेमने काढलेले एचईव्हीसी चित्रण एवढेच असते. लग्नाची डीव्हीडी १० च्या आत. साध्या ब्ल्यू-रेचे चित्र ४० पर्यंत. ४के ब्ल्यू-रे सरासरीत ६०-७० दिसला तरी मारामारीच्या प्रसंगात १०० च्या वर उडी घेतो.

आणि इथे बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट. चांगल्या महागड्या टीव्हीलाही मागे जे लॅन पोर्ट असते ते बहुधा १०० मेगाबिटचेच असते. प्रत्यक्षात हाती पडतात ९४-९५. म्हणून गंमत अशी की ४के ब्ल्यू-रेची फाइल केबलवर अटकते आणि त्याच टीव्हीच्या ५ गिगाहर्ट्‌झ वायफायवर व्यवस्थित चालते. लोकांचा विश्वास बसत नाही. अर्थात त्यासाठी राउटर त्याच खोलीत, फार तर एका भिंतीपलीकडे हवा. ५ गिगाहर्ट्‌झची लहर स्लॅबमधून खाली उतरताना फार अशक्त होते, आणि टीव्ही मग मुकाट्याने २.४ वर सरकतो. मनीषनगरसारख्या दाट वस्तीत २.४ वर शेजारच्या सगळ्यांचे वायफाय एकमेकांवर चढलेले असते, कारण एकमेकांना न छेदणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. तिथे ४के विसरा. तुमच्या घरी फायबरचा डबा खालीच असणार, टीव्हीही खालीच. म्हणजे टीव्ही डब्याच्या ५ गिगाहर्ट्‌झवर ठेवा, त्या वायफायला वेगळे नाव द्या, आणि नॅसपासून डब्यापर्यंत मात्र केबलच हवी. नॅस वायफायवर ठेवणे हा प्रकार मला पटत नाही. जो सगळ्यांना वाढतो त्याचे ताट तरी पक्क्या जागी असावे.

ती वरून खाली येणारी केबल एकदा डोळ्यांनी बघा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एक तार जरी कनेक्टरमध्ये नीट बसली नाही तर दोन्ही उपकरणे तक्रार न करता १०० वर उतरतात. नॅसच्या नेटवर्क पानावर जोडणीचा वेग लिहिलेला असतो. तिथे १,००० नसेल तर आधी दोन्ही टोकांचे कनेक्टर नवे बसवून घ्या, बहुतेक वेळा तेवढ्यात काम भागते. नवीन केबल घ्यायची वेळ आलीच तर अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल घेऊ नका, शुद्ध तांब्याची कॅट ६ मागा. बाहेरच्या भिंतीवरून उतरवणार असाल तर बाहेर वापरायचे काळे आवरण असलेली घ्या. घरातली साधी केबल आपल्याकडच्या उन्हात तडकते, आणि ज्या भागात माकडे येतात तिथे तर लोंबणारी केबल हा त्यांचा झोकाच. शक्य असेल तर जिन्याच्या पाइपमधूनच न्या. जूनच्या पहिल्या वादळात विजा कडाडतात तेव्हा बाहेरून आलेली तांब्याची तार राउटर आणि नॅस दोघांनाही घेऊन जाऊ शकते.

वाट मोकळी झाली की प्लेअरकडे या. आवाजाची आणि सबटायटलची तक्रार तिथली आहे.

टीव्हीतला जो स्वतःचा मीडिया प्लेअर असतो तो डीएलएनएवर, म्हणजे घरातल्या उपकरणांनी एकमेकांना फोटो-व्हिडिओ द्यायच्या ठरावीक पद्धतीवर चालतो. ही व्यवस्था २००३ साली सोनी, इंटेल वगैरे कंपन्यांनी एकत्र येऊन सुरू केली, आणि ती चालवणारी संस्था २०१७ मध्ये बंदही झाली. उपकरणांमध्ये ती अजून आहे, फोटो आणि लहानसहान व्हिडिओंना चालते. पण डीएलएनएमध्ये नॅस फक्त फाइल पुढे ढकलतो, ती उघडायची जबाबदारी टीव्हीची. टीव्हीला फाइलचा बाहेरचा डबा ओळखीचा वाटला तरी आतला माल ओळखता येईलच असे नाही. एमकेव्ही हा नुसता डबा आहे. आत चित्र एचईव्हीसीमध्ये, आवाज डीटीएस नावाच्या पद्धतीत, सबटायटल आणखी कशात असू शकते. सॅमसंगने २०१८ पासूनच्या टीव्हींमधून डीटीएस काढून टाकले, एलजीने २०२० च्या मॉडेलपासून काढले आणि २०२३ मध्ये काही मॉडेलना परत दिले. तुमच्या मुक्या चित्रपटांचे रहस्य हेच असणार. लॅपटॉपवर फाइल व्हीएलसीमध्ये उघडा आणि कोडेकची, म्हणजे चित्र-आवाज कोणत्या पद्धतीत साठवले त्याची माहिती बघा. आवाजासमोर डीटीएस लिहिलेले दिसले की खात्री झाली.

यावर दोन रस्ते. चित्रपट मोजकेच असतील तर त्यांचा फक्त आवाज एसी३ या टीव्हीला समजणाऱ्या पद्धतीत बदलून घ्या. एफएफएमपेग या प्रोग्रामने चित्राला हात न लावता एवढेच करता येते, म्हणून दर्जा घटत नाही आणि वेळही थोडाच लागतो. मूळ डीटीएस ट्रॅक ठेवून एसी३ शेजारी जोडला तर उत्तम, उद्या चांगला साउंडबार घेतलात तर उपयोगी पडेल. मात्र हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये टाकून अख्खी फाइल पुन्हा बनवू नका. त्यात रात्र जाते, आणि चित्रही उतरते.

फायली खूप असतील तर टीव्हीला फक्त पडदा समजा आणि एचडीएमआयला वेगळा प्लेअर लावा. माझी शिफारस याच रस्त्याची आहे. अँड्रॉइड किंवा गुगल टीव्हीवर चालणारा नावाजलेल्या कंपनीचा बॉक्स, फायर टीव्ही स्टिक ४के, बजेट मोठे असेल तर अॅपल टीव्ही. घरात रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक पडून असेल तर त्यावर लिबरईलेक (फक्त कोडी हा प्लेअर चालवणारी प्रणाली) टाका, एचईव्हीसी तो हार्डवेअरमध्येच उघडतो. कोडी किंवा व्हीएलसी डीटीएसचा आवाज स्वतः उलगडून टीव्हीला साध्या रूपात देतात. कोडी सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींत थेट बसत नाही, म्हणूनही वेगळा बॉक्स लागतो.

बर्डीवर नाव-गाव नसलेले «८के» लिहिलेले अँड्रॉइड बॉक्स स्वस्तात मिळतात, ते मात्र घरात आणू नका. ८के तर सोडाच, पण अशा बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर भरून आलेले आढळले आहे. बॅडबॉक्स २.० या नावाच्या अशा जाळ्याबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला होता. आणि तुम्ही तो नेमका त्या नेटवर्कवर ठेवणार, जिथे घरातले सगळे फोटो आहेत.

कोडीला नॅस दाखवताना नेटवर्क शोधत बसू नका, राखून ठेवलेला पत्ता थेट लिहा. एसएमबी किंवा एनएफएस, नेटवर्कवरून फायली उघडायच्या या दोन्ही पद्धती चालतात. एखादा जुना बॉक्स एसएमबी १ मागू लागला तर बॉक्स बदला, नॅसवर एसएमबी १ चालू करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या दारातून. टीव्हीसाठी नॅसवर वेगळा वापरकर्ता बनवा आणि त्याला फक्त वाचायची परवानगी द्या. नातवाने रिमोट दाबता दाबता लग्नाचा अल्बम पुसला, असे होऊ नये.

जेलीफिन किंवा प्लेक्स, म्हणजे नॅसवर बसून चित्रपटांची लायब्ररी सांभाळणारे सर्व्हर, हवे का? घरात एकच टीव्ही असेल तर मला गरज वाटत नाही. दोन-तीन टीव्ही असतील, अर्धा पाहिलेला चित्रपट दुसऱ्या खोलीत तिथूनच सुरू व्हावा असे वाटत असेल, पोस्टरसकट नीट मांडणी हवी असेल, तर जेलीफिन टाका. ते मोफत आहे आणि हार्डवेअरच्या मदतीने रूपांतर करायलाही पैसे मागत नाही. प्लेक्समध्ये त्यासाठी वर्गणी लागते. नॅस कंपनीच्या स्वतःच्या व्हिडिओ अॅपवर फार विसंबू नका. सिनॉलॉजी या नॅस कंपनीने २०२४ मध्ये आपल्या डीएसएम या प्रणालीच्या ७.२.२ आवृत्तीपासून व्हिडिओ स्टेशन हे अॅप बंद केले, तेव्हा त्यावर मांडलेली सगळी लायब्ररी लोकांना दुसरीकडे न्यावी लागली. कुठलेही घ्या, चित्रपट चालू असताना माहितीचा पडदा उघडून «डायरेक्ट प्ले» दिसते का ते पाहा. «ट्रान्सकोड» दिसले तर कारणही तिथेच लिहिलेले असते. पुष्कळदा ते सबटायटल निघते! ब्ल्यू-रेवरची सबटायटल अक्षरांची नसतात, चित्रांची असतात. प्लेअरला ती वेगळी दाखवता येत नसतील तर सर्व्हर ती चित्रावर छापत बसतो, आणि तेवढ्यासाठी अख्ख्या ४के चित्राचे रूपांतर सुरू होते. सबटायटल बंद करून बघा, नॅसचा पंखा लगेच शांत होईल.

मराठी सबटायटलच्या चौकोनांची कारणे दोन. एक, फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड अक्षरांच्या नेहमीच्या साठवणीत नाही. नोटपॅडमध्ये उघडा, सेव्ह अॅज करा, खाली एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडा. दुसरे, प्लेअरकडे देवनागरीचा फाँटच नाही. कोडीत नोटो सान्स देवनागरी हा मोफत फाँट टाकून सबटायटलसाठी निवडता येतो. टीव्हीच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये असे काही करता येत नाही, तिथे अक्षरे उमटली तरी जोडाक्षरे तुटतात, वेलांटी भलत्याच जागी पडते. आणि नोटपॅडमध्येच इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसला, तर ती फाइल कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे. ती आधी युनिकोडमध्ये बदलावी लागेल.

लग्नाच्या डीव्हीडीबद्दल थोडे. त्या नॅसवर तशाच उतरवल्या की एक-एक जीबीचे व्हीओबी तुकडे दिसतात आणि मंगलाष्टके दोन फायलींच्या मध्ये तुटतात. एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्राममध्ये तुकडे क्रमाने जोडून एक एमकेव्ही करा, दर्जा तसाच राहतो. हे चित्रण ७२० बाय ५७६ चे, सेकंदाला २५ फ्रेमचे आणि इंटरलेस्ड (चित्राच्या ओळी एकाआड एक घेतलेले) असते, म्हणून हात हलला की कडांना कंगव्यासारखे दात दिसतात. हँडीकॅमच्या एमटीएस फायलींचेही बरेचदा तेच. कोडीत डीइंटरलेस चालू केले की दात जातात, फाइल बदलायची गरज नाही.

राहिला नॅस स्वतः. तुमचा नॅस जर कशाने मरणार असेल तर तो नागपूरच्या मे महिन्याने. बहुतेक घरगुती नॅसच्या माहितीपत्रकात आजूबाजूचे तापमान ० ते ४० अंश असावे असे लिहिलेले असते. मेमध्ये बाहेर पारा ४५ च्या पुढे असताना वरच्या मजल्यावरची, स्लॅब तापलेली, दुपारभर बंद असलेली खोली ४० च्या आत राहते का, तुम्हीच सांगा. कुलरच्या थेट झोतात ठेवणे हाही उपाय नाही, तो दमट हवा आणि धूळ दोन्ही आत ओततो. खालच्या मजल्यावर, जिथे ऊन लागत नाही अशा भिंतीला, मागे वीतभर जागा सोडून ठेवा. फायबरच्या डब्याच्या शेजारीच जागा मिळाली तर वरून येणाऱ्या केबलचा प्रश्नही मिटतो. लहान यूपीएस लावा आणि तो यूएसबीने नॅसला जोडा, म्हणजे वीज गेल्यावर नॅस स्वतःहून नीट बंद होईल. कुलरची मोटर सुरू होताना जो झटका बसतो, त्यापासूनही यूपीएस वाचवतो.

दोन डिस्कवर एकच माल आहे म्हणून बॅकअप आहे असे समजू नका. एका जागी पुसले की दुसरीकडेही त्याच क्षणी पुसले जाते. लग्नाचे आणि मुलांचे चित्रण एका वेगळ्या यूएसबी डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या घरी ठेवा. पुण्यात-मुंबईत असलेल्या मुलांना तेच व्हिडिओ दाखवायचे असतील तर राउटरचे पोर्ट उघडू नका. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने (खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) इंटरनेटवर असे उघडे पडलेले घरगुती नॅसच गाठले होते. टेलस्केल (दूरची उपकरणे सुरक्षितपणे एका खासगी नेटवर्कमध्ये आणणारे अॅप) टाका, फायबर कंपनीने तुम्हाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता दिलेला नसला तरी ते चालते.

या रविवारी आधी फक्त टीव्हीचा आणि नॅसचा पत्ता पाहा. तिसरा आकडा वेगळा निघाला तर राउटरचे काम करून घ्या, बाकीचे त्यानंतर. सारखा निघाला आणि तरी टीव्हीला नॅस दिसला नाही, तर टीव्हीचे मॉडेल, दोन्ही राउटरची नावे आणि नॅसच्या पानावर दिसणारा जोडणीचा वेग कळवा.